गावाचं माहेरचं नाव

लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचे दिवस होते. २०२४ चा जुलै संपत आलेला. आमच्या वारूळवाडीत समाजमंदिराच्या ओट्यावर मी, अंगणवाडीच्या ताई आणि कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली मोबाईल घेऊन बसायचो. बाहेर पावसाची रिपरिप आणि आत बायकांची ही गर्दी! कुणाचा ओटीपी येत नव्हता, कुणाचं आधारवरचं नाव एक आणि बँकेतलं दुसरंच. कुणी टोमॅटोच्या बागेतून तशीच उठून आलेली, हात अजून हिरवे-काळे.

त्या ॲपमध्ये एक प्रश्न होता. महिलेचा जन्म परराज्यात झाला आहे का? होय किंवा नाही. बहुतेकींचं 'नाही' पटकन पडायचं आणि पुढं सरकायचं. एक नवी सून आली, निपाणीकडची. तिनं विचार न करता सांगितलं, "नाही."

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "अगं, निपाणी कर्नाटकात ना? मग होय म्हण."

"ताई, पण परराज्य कसं हो ते? आमच्याकडं सगळी मराठीच की. माझे आजोबा सीमालढ्यात जेलात जाऊन आलेत."

ओट्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. मग कॉलेजच्या मुलीनं हळूच 'होय' वर बोट टेकवलं. नियमात सोय होती, नाही असं नाही. परराज्यात जन्मलेल्या बाईचं लग्न महाराष्ट्रातल्या पुरुषाशी झालं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवासाचा दाखला चालत होता. म्हणजे आजोबांनी ज्या राज्यासाठी तुरुंगवास भोगला, त्या राज्यात नातीची ओळख पटली ती नवऱ्याच्या कागदावर. तिचं काम झालं, ती हसत घरी गेली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. कारण माझं माहेर बेळगावचं. बेळगावातलं शहापूर.

आता बेळगाव लिहू की बेळगावी? इथूनच गोष्ट सुरू होते.

आमचं शहापूर म्हणजे विणकरांच्या गल्ल्या, मागांचा खटखटाट, सणाला मांडे आणि पाहुण्यांच्या हातात द्यायला कुंदा. आज ते बेळगाव शहराचाच भाग आहे, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. माझी आजी चंदगडकडची. लग्न करून आली तेव्हा ती इंग्रजी अमलातून संस्थानात आली. संस्थान विलीन झालं आणि ती मुंबई राज्यात गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि ती म्हैसूर राज्यात गेली. १९७३ ला म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, तेव्हा चौथ्यांदा. या सगळ्या काळात आजीनं घर बदललं नाही, चूलसुद्धा होती त्याच कोपऱ्यात होती. गंमत म्हणा की दुर्दैव, १९५६ ला बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, पुढं महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यात. म्हणजे आजीचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या. मध्ये एसटीचा तासा-दीड तासाचा रस्ता. आजी म्हणायची, "मी कुठं गेले गे? राज्यंच येत्यात नि जात्यात."

२००० साली लग्न होऊन मी वारूळवाडीत आले. नारायणगावला लागूनच आमचं गाव, पुणे-नाशिक रस्त्यावर. ऊस, द्राक्षं, टोमॅटो. आल्या आल्या आळीत बातमी पसरली, "पाटलांच्या शेजारी कानडी सून आणलीये म्हनं." मला हसावं की रडावं कळेना. बेळगावात आम्ही मराठी म्हणून एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा, मोर्च्यात बाबांचं बोट धरून चालायचं, आणि इकडं येऊन व्हायचं कानडी! माझी भाषा ऐकून जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. "काय करूलालीस" असं एकदा माझ्या तोंडून निघालं, ते सहा महिने घरात चाललं.

त्याच लग्नात माझं नावही बदललं. माहेरची मी सुरेखा. पण थोरल्या जाऊबाईही सुरेखाच. एका घरात दोन सुरेखा कशा चालणार? ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यावर 'वैष्णवी' लिहिलं, पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. नवी साडी, नवं घर, नवं नाव, सगळं एकाच हौसेत होतं. वाईट वाटलं ते पुढं, सहा-सात महिन्यांनी. बसस्टँडवर कॉलेजची एक मैत्रीण भेटली, तिनं "सुरेखा!" अशी हाक मारली आणि मी वळलेच नाही.

बेळगावचं तसंच झालं. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकानं बारा शहरांची नावं बदलली. बंगलोरचं बंगळुरू, म्हैसूरचं मैसुरू, हुबळीचं हुब्बळ्ळी, गुलबर्ग्याचं कलबुर्गी, विजापूरचं विजयपुर आणि आमच्या बेळगावचं बेळगावी. तारीख निवडली ती राज्याच्या स्थापनेची. तिकडं राज्योत्सवाच्या कमानी, आमच्याकडं काळ्या फिती. त्याच वर्षी जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला होता आणि गावात पोलिसांचा लाठीमार झाला होता. ती जखम ओली होती, त्यावर हे.

बाबांनी त्या दिवशी पेपर वाचून घडी घातली आणि आईला म्हणाले, "आजपासून आपण परगावात राहायला आलो." बाबा शिक्षक होते. अतिशयोक्ती त्यांना चालायची नाही, निबंधात लाल शाईनं खोडायचे. त्यांच्या तोंडी हे वाक्य म्हणजे काय असेल, विचार करा. त्यानंतर त्यांनी प्रत्येक पत्रावर, पाकिटावर, पतपेढीच्या स्लिपवर 'बेळगाव' इतक्या ठळक अक्षरात लिहिलं, की शाई मागच्या बाजूला उमटायची. पत्रं मात्र पोचायची. पोस्टमनला पिनकोड दिसला की पुरे.

मीही बाबांचीच मुलगी. इथं कुणी 'बेळगावी' म्हटलं की मी तिथंच दुरुस्त करायची. हळदीकुंकवाला, बचत गटाच्या मीटिंगला, कुठंही. पुढं माझ्या या तोऱ्याला थोडी खीळ बसली, ती डिसेंबर २०२२ मध्ये.

तेव्हा सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. गाड्यांवर दगडफेक, बसना काळं फासणं, दोन्हीकडून. आणि नेमकी त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात घसरली. बाबा २०१९ मध्येच गेलेले, भाऊ नोकरीनिमित्त हैदराबादला. मी स्वारगेटला पोचले तर कर्नाटकात जाणारी एसटी बंद! कशीबशी रेल्वे मिळाली. तिकिटावर 'बेळगावी' आणि त्यापुढं कंसात स्टेशनचा जुना कोड, बीजीएम. नाव बदललं तरी रेल्वेच्या मशीनमध्ये जुनीच अक्षरं, जशी मुंबईच्या विमानतळाला अजूनही बीओएम. रात्रभर त्या तीन अक्षरांकडं बघत बसले. दुसरं सुचतच नव्हतं काही.

घरी पोचले तर आई पलंगावर, पायाला प्लॅस्टर, आणि शेजारच्या अक्का तिला चमच्यानं पेज भरवतायत. अक्का कानडी. चाळीस वर्षांचा शेजार. त्यांनीच आईला उचललं, रिक्षा बोलावली, दवाखान्यात स्वतःची सही केली. बाहेर दोन राज्यं एकमेकांच्या गाड्या अडवत होती त्या तीन दिवसांत माझ्या आईचं सगळं एका कानडी बाईनं केलं.

संध्याकाळी चहा पिताना मी सवयीनं सुरू झाले. कसं नाव बदललं, कसा अन्याय केला. अक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तू उगी तापूलालीस बघ. आम्ही घरात पैल्यापासनं बेळगावीच म्हणतो की गे. आमच्या आज्जीपण बेळगावीच म्हणायची. तुमचं बेळगाव, आमचं बेळगावी, दोन्ही होतं. पाटीवर तुमचं होतं तवा आम्ही काय बोललो काय?"

मला उत्तर सुचलं नाही. खरंच की. इंग्रजांनी 'बेलगाम' लिहिलं ते मराठी उच्चारावरून, आणि तीच पाटी स्वातंत्र्यानंतरही साठ-सदुसष्ट वर्षं राहिली. आम्हाला ती आपलीच वाटायची, म्हणून आम्ही गप्प होतो. अक्कांचं नाव पाटीवर नव्हतं, आणि हा विचार माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत एकदाही आला नव्हता. बाबांच्याही आला नसावा.

याचा अर्थ बाबा चुकीचे होते असं मी मुळीच म्हणणार नाही. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, तो महाराष्ट्रानं नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, त्याचा निकाल अजून नाही. ज्या वेळी भांडण कोर्टात आहे त्या वेळी एकानं उठून दारावरची पाटी बदलायची, हे घरगुती वादातसुद्धा आपण खपवून घेत नाही. शिवाय नुसतं नाव असतं तर सोसलं असतं. त्याच्या मागून दुकानांच्या पाट्या, सरकारी कागद, दाखले सगळं येतं. जिला कानडी वाचता येत नाही अशा माझ्या आईसारख्या बाईला स्वतःच्याच घरपट्टीचा कागद शेजारणीकडून वाचून घ्यावा लागतो. दुखणं इथं आहे.

पण महाराष्ट्रानंही छातीवर हात ठेवून सांगावं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, सांगलीचा जत तालुका, इथं कानडी बोलणारी गावंच्या गावं आहेत. २०२२ च्या त्याच गोंधळात जतच्या गावांचं नाव पुन्हा निघालं होतं. तिथली एखादी आजी आपल्या गावाचं नाव कसं उच्चारते, हे आपण कधी विचारलंय का? आणि नावं बदलायचा सोस आपल्याला कमी आहे असंही नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये शेजारच्या अहमदनगरचं अहिल्यानगर. अहिल्याबाईंचं नाव लागलं याचा बाई म्हणून मला आनंदच आहे. पण ते शहर वसवणारा मलिक अहमद आमच्या जुन्नरहूनच तिकडं गेला होता, हे आळेफाट्यावर नव्या पाटीची एसटी बघताना आठवतंच. काही नावं मात्र जायलाच हवीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय घेतला. ज्या नावानं हाक मारली की माणसाची मान खाली जाते, त्या नावाचा इतिहास कितीही जुना असो, मला त्याचं कौतुक नाही. तिथं राहणाऱ्यांनाच ते नको होतं, एवढं बस्स झालं.

आमची सीमा राज्याची, त्यामुळं निदान पासपोर्ट तरी लागला नाही. देशाची सीमा हलते तेव्हा काय होतं ते आत्याकडं ऐकलं. आत्या म्हापशाला दिलेली. तिच्या सासूबाई पोर्तुगीज अमलातल्या, माहेर सावंतवाडीकडचं. घरापासून माहेर इतकं जवळ, पण मध्ये दोन देशांची सरहद्द. १९५५ च्या सत्याग्रहानंतर तर नाकेबंदीच झाली, येणंजाणं तुटलं. माहेरी कुणी गेलं तरी कळायला दिवस लागायचे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती सरहद्द पुसली गेली. आत्याच्या सासूबाई सांगायच्या, त्यांनी पहिली गोष्ट काय केली? तर माहेरी जाऊन दोन महिने राहिल्या!

तिथली नावांची तऱ्हा मोठी मजेची. पणजी कागदोपत्री 'नोव्हा गोवा' होती, म्हणजे नवं गोवं. पोर्तुगीज गेले, ते नाव गेलं, लोकांच्या तोंडातली पणजी वर आली. पण गावांच्या इंग्रजी पाट्या बघा. पेडण्याच्या शेवटी अजून 'म', डिचोलीचं 'बिचोलिम', साखळीचं 'सांकेलिम'. पोर्तुगीज लिहिताना तो 'म' नाकातल्या अनुस्वारासाठी असतो, ओठ मिटून म्हणायचा नसतो. आपले पर्यटक मात्र ओठ घट्ट मिटून "बिचोलिम कुठे आलं?" विचारतात आणि डिचोलीतच उभे असतात. वास्को द गामाच्या नावाचं शहर आहेच, आणि पणजीतला मोठा रस्ता अठरा जूनचा. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांनी सभा घेतली होती, त्याची आठवण. एकाच गोव्यात दोन्ही. आत्याला विचारलं, "तुला वास्को नाव खटकत नाही?" ती म्हणाली, "आमी वास्को म्हणतो तेव्हा तो दर्यावर्दी कोणाच्या डोक्यात असतो? स्टेशन असतं." आता याला काय म्हणणार?

धाकट्या मुलाला इंजिनिअरिंगला गणितात एक सात पुलांचं कोडं होतं. कोनिग्सबर्ग नावाच्या गावात सात पूल, प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येईल का? ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७३६ मध्ये दाखवून दिलं की नाही येणार. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, हे गाव नकाशात दाखव की. तो बराच वेळ शोधत बसला. सापडेना! शेवटी कळलं, आता त्या गावाचं नाव कालिनिनग्राड. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचा तो भाग रशियाकडं गेला, जर्मन माणसं हाकलली गेली आणि १९४६ मध्ये त्याच वर्षी वारलेल्या कालिनिन नावाच्या सोव्हिएत नेत्याचं नाव गावाला लागलं. कोनिग्सबर्गचा अर्थ राजाचा डोंगर. आपला राजगडच म्हणा ना. शेजारच्या पोलंडनं २०२३ मध्ये ठरवलं, की आम्ही आमच्या नकाशात त्याला जुन्या पोलिश नावानं, 'क्रुलेव्हिएत्स' असंच लिहिणार. त्याचाही अर्थ राजाशी जोडलेलाच. रशियाला राग आला. सत्त्याहत्तर वर्षांनी! माझ्या डोळ्यांसमोर बाबांची ठळक शाई आली.

तिथलंच लव्हिव्ह नावाचं शहर. ऑस्ट्रियाच्या राज्यात लेम्बर्ग, पोलंडच्या राज्यात ल्वूफ, सोव्हिएतमध्ये ल्वोव्ह, युक्रेनमध्ये लव्हिव्ह. युद्धानंतर तिथली पोलिश माणसं घरदार सोडून निघाली आणि त्यातली पुष्कळ ब्रेस्लाऊ नावाच्या जर्मन शहरात जाऊन वसली. तिथून जर्मनांना घालवलं होतं आणि नाव झालं होतं व्रोत्स्वाफ. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवायची, भिंतीवर त्यांच्या भांड्यांच्या खुणा. त्या बायकांनी पहिल्या दिवशी काय रांधलं असेल, हे मला सारखं वाटत राहतं. फाळणीत आपल्याकडं दोन्ही बाजूंनी हेच झालं. पाकिस्तानातलं लायलपूर १९७७ मध्ये फैसलाबाद झालं. पण कराचीत १८५५ ला सुरू झालेल्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या आपल्या मराठी माणसाचं नाव आहे, ते अजून टिकून आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता ना.

असो. मी माझ्या गोष्टीकडं येते.

२०२३ मध्ये शहापूरचं घर आईच्या नावावर करायचं ठरलं. बाबांच्या मागं वारस तिघं, आई, भाऊ आणि मी. मला हिस्सा नको होता, पण सही करायला आधी मी त्यांची मुलगी आहे हे सिद्ध करायला हवं. सगळे कागद घेऊन मी गेले. शाळेचा दाखला मराठीत, नाव सुरेखा, जन्मगाव बेळगाव. बाबांचा मृत्यूचा दाखला कानडी-इंग्रजीत, गाव बेळगावी, बाबांच्या नावात एक अक्षर जास्तीचं. लग्नाचा दाखला वारूळवाडीचा, त्यात वैष्णवी. आधारवर वैष्णवी, आडनाव सासरचं. त्या कार्यालयातल्या साहेबांनी कागद पुढं-मागं केले आणि विचारलं, "सुरेखा कुठं आहे? तिला घेऊन या."

"मीच सुरेखा."

"ह्यात तर वैष्णवी आहे."

"तीपण मीच."

त्यांचाही दोष नव्हता, त्यांना कागदाशी कागद जुळवायचा होता. तीन वेळा परत यावं लागलं. वारूळवाडी ते बेळगाव, जाऊन-येऊन दोन दिवसांचा रस्ता. तिसऱ्या खेपेला आईनं विचारलं, "तुझं नाव बदललं तेव्हा तुझ्या बाबांनी का नाही अडवलं गं? गावाचं बदललं तर किती चिडले होते." मी चमकून बघितलं. आई पानाला चुना लावत होती, तिनं सहज विचारलं होतं. बाबांनी माझ्या लग्नात त्या तांदळाच्या ताटावर स्वतः अक्षता टाकल्या होत्या.

आणि आईचं स्वतःचं माहेरचं नाव? मला ते माहीत होतं, पण ते नाव घेऊन तिला हाक मारताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. बाबांनाही नाही.

शेवटी इकडं जुन्नरला वकिलांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं. टाइप करणाऱ्या मुलीनं एका दमात लिहून काढलं, की सुरेखा आणि वैष्णवी या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून, बेळगाव व बेळगावी ही एकाच गावाची नावं आहेत. मी ते तिथं बाकड्यावर बसून चार-पाच वेळा वाचलं. माझी आणि माझ्या गावाची एकाच वाक्यात, एकाच स्टॅम्पवर ओळखपरेड! सही करताना पेन अडखळलं. कुठल्या नावानं करू? वकील म्हणाले, "दोन्ही करा." केल्या. काम झालं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाची सहल नाणेघाटाला नेली. जुन्नरहून जवळच, तरी निम्म्या बायकांनी पाहिलेला नव्हता. तिथल्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्या नाहीत, कुठं कुठं नुसती पावलं उरलीत. पण प्रत्येकाच्या डोक्यावर जे नाव कोरलं होतं ते शिल्लक आहे. माणूस गेला, नाव राहिलं. सोबतच्या इतिहासाच्या सरांनी एक ओळ वाचून दाखवली. राणी नागनिका आणि राजा सातकर्णी यांची नावं एकत्र आहेत, आणि त्यात आधी नाव राणीचं. दोन हजार वर्षांपूर्वी! बायकांनी टाळ्याच वाजवल्या. (आत्ता आत्ता, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आधी आईचं नाव लिहायचा नियम महाराष्ट्रानं केलाय. उशिरा का होईना.)

परतीच्या जीपमध्ये निपाणीची ती सून माझ्या शेजारी होती. तिनंच विषय काढला. "ताई, आपल्या गटाच्या रजिस्टरमध्ये माहेरचं नाव आणि माहेरचं गाव लिहूया का? सरकारी नाही, आपलंच. जसं म्हणतो तसं."

पुढच्या मीटिंगला मी वहीत दोन रकाने जास्तीचे आखले. नाव सासरचं, नाव माहेरचं, गाव सासरचं, गाव माहेरचं. निपाणीच्या सुनेनं गाव स्वतःच्या हातानं लिहिलं. माझ्यापुढं मी 'बेळगाव' लिहिलं, जरा थांबले, आणि खाली बारीक अक्षरात 'बेळगावी'. बाबांना चाललं नसतं. अक्कांना चाललं असतं.

एकेकीला विचारत होते. हसणं, खिदळणं, "अय्या, तुझं नाव हे व्हय?" असं चाललेलं. गटातल्या सगळ्यात वडील आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. आंबेगाव तालुक्यातलं त्यांचं माहेर, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतलं. पंधराव्या वर्षी लग्न झालेलं. गावाचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. मग मी विचारलं, "आणि आजी, तुमचं माहेरचं नाव?"

आजी गप्प झाल्या. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. ओठ हलत होते. बायका हसायच्या थांबल्या. बऱ्याच वेळानं आजींनी ते नाव घेतलं, अगदी हळू, आणि लगेच पदर तोंडाला लावला. मी वहीत लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "वाच बरं एकदा."